जिथे माणूस, तिथे भाषा

जगाच्या पाठीवर न बोलणारा एखादा समाज आहे काय, असा प्रश्न जिज्ञासू विद्यार्थ्याच्या मनात कधी ना कधी येतो. घनदाट अरण्यात, एखाद्या दूरच्या बेटावर, हिमाच्छादित प्रदेशात असे काही लोक असतील काय की ज्यांच्याजवळ भाषाच नाही, जे केवळ हुंकार, आरोळ्या आणि हातवारे यांवर आपला संसार चालवितात? प्रश्न वरकरणी बालसुलभ वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात ‘माणूस कोणाला म्हणावे’ हा मोठा प्रश्न दडलेला आहे, आणि आपल्या विदर्भातील हजारो मुलांच्या शिक्षणाचा प्रश्नही त्यातच गुंतलेला आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि उपासक-उपासिका यांच्यापुढे हा विषय थोड्या विस्ताराने मांडावा, असे वाटले.

उत्तर प्रथमच सांगून टाकतो. भाषा नसलेला मानवी समाज आजवर कोणासही आढळलेला नाही. प्रवासी, धर्मप्रसारक, मानववंशशास्त्रज्ञ आणि भाषाशास्त्रज्ञ गेली काही शतके पृथ्वीचा कानाकोपरा धुंडाळीत आहेत. शेती न करणारे समाज त्यांना आढळले, धातू न वापरणारे आढळले, राजा नसलेले, बाजार नसलेले, लिपी नसलेले तर असंख्य आढळले. परंतु भाषा नसलेला एकही नाही. जगात आज सुमारे सात हजार भाषा बोलल्या जातात. त्यांपैकी प्रत्येकीत नामे आणि क्रियापदे आहेत, होकार-नकार आहे, प्रश्न विचारण्याची रीत आहे, डोळ्यांपुढे नसलेल्या आणि होऊन गेलेल्या गोष्टींविषयी बोलण्याची सोय आहे. मोजक्या ध्वनींतून अगणित शब्द आणि मोजक्या नियमांतून अगणित वाक्ये घडविण्याची शक्ती प्रत्येकीत आहे.

‘न बोलणारी माणसे’ ही कल्पना आली कोठून?

असे असता ‘न बोलणारे लोक’ ही कल्पना इतकी जुनी आणि इतकी चिवट का, हे पाहणे उद्बोधक ठरेल. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने आफ्रिकेतील गुहावासी लोकांविषयी लिहिताना त्यांची भाषा वटवाघळांच्या चित्कारासारखी असल्याचे नमूद केले आहे. ग्रीकांना परक्यांचे बोलणे ‘बर् बर्’ असे ऐकू येई आणि त्यावरून ज्याला ग्रीक येत नाही तो ‘बार्बारोस’ ठरला. आपल्याकडेही ‘म्लेच्छ’ या शब्दाच्या मुळाशी ‘अस्पष्ट, अशुद्ध बोलणारा’ हाच अर्थ आहे. पुढे तो शब्द उच्चारापुरता राहिला नाही. त्याने सबंध माणूसच हीन ठरविला.

यातील तर्क नीट पाहिला पाहिजे. मला तुझे बोलणे कळत नाही, इथवर गोष्ट खरी असते. पण तिच्यावरून तुझ्या बोलण्याला अर्थच नाही असे ठरविले जाते, आणि शेवटी तू पुरता माणूस नाहीस इथवर मजल जाते. पहिल्या पायरीवर दोष ऐकणाऱ्याच्या कानाचा आहे, शेवटच्या पायरीवर तो बोलणाऱ्याच्या जन्माचा झालेला असतो. ज्या समाजाने शतकानुशतके आपल्या जन्मावर ठेवलेला दोष सोसला आणि अखेर झुगारून दिला, त्याला हा तर्क ओळखीचा वाटल्यावाचून राहणार नाही.

आजही हा तर्क सौम्य रूपात आपल्यात वावरतो. मराठी ही ‘भाषा’ आणि गोंडी किंवा कोरकू ही ‘बोली’, असे आपण सहज म्हणतो. वऱ्हाडी ही मराठीची बोली आहे हे म्हणणे योग्यच आहे, कारण तिचा मराठीशी रक्तसंबंध आहे. परंतु गोंडी ही मराठीची बोली नाही आणि कोरकूही नाही. या दोन्ही सर्वस्वी निराळ्या कुळांतील स्वतंत्र भाषा आहेत. ‘त्यांची काय, एक बोली आहे’ असे म्हणताना आपण नकळत तिला पायरीवरून खाली उतरवितो.

विदर्भाचा भाषिक नकाशा

भाषा सर्वत्र असते याचा पुरावा शोधण्यासाठी ॲमेझॉनच्या जंगलात जाण्याचे कारण नाही. नागपूर केंद्रस्थानी धरून नकाशा उघडला तरी पुरे. येथील मराठी, तिच्या वऱ्हाडी आणि झाडीबोली या बोली, तसेच हिंदी या इंडो-आर्य कुळातील होत. बंजारा तांड्यांवरील गोरमाटीही त्याच कुळातील. गोंडी आणि यवतमाळ परिसरातील कोलामी या द्रविड कुळातील. म्हणजे तेलुगू, कन्नड, तमिळ यांच्या त्या भगिनी. मेळघाटातील कोरकू मुंडा गटातील आहे. तिचे आप्त झारखंडातील संथाळी आणि मुंडारी. मुंडा भाषांच्या प्रदेशाचे अगदी पश्चिमेकडील टोक म्हणजे आपली ही कोरकू होय. गोंदिया जिल्ह्यातील गोठणगाव येथे १९७२ पासून वसलेल्या नॉर्गेलिंग या तिबेटी वसाहतीत तिबेटी बोलली जाते. ती चौथ्या, म्हणजे चिनी-तिबेटी कुळातील. अशी एका विभागात चार भाषाकुले नांदत आहेत.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात गोंडी भाषकांची संख्या सुमारे तीस लाख, कोरकू भाषकांची सव्वासात लाखांहून अधिक आणि कोलामी भाषकांची सव्वा लाखाहून अधिक आहे. गोंडी बोलणारे लोक युरोपातील काही स्वतंत्र राष्ट्रांच्या लोकसंख्येहून अधिक भरतील. तरीही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांत गोंडी नाही.

या भाषा ‘साध्या’ किंवा ‘अपुऱ्या’ असाव्यात, अशी एक समजूत असते. तिची परीक्षा एकाच उदाहरणाने घेता येईल. मराठीत आपण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद करतो. ‘आम्ही दीक्षाभूमीवर जाऊ’ म्हटले तर ऐकणारा मागे राहतो. ‘आपण दीक्षाभूमीवर जाऊ’ म्हटले की तोही सोबत निघतो. हा नाजूक भेद हिंदीच्या ‘हम’मध्ये नाही, इंग्रजीच्या ‘वी’मध्येही नाही. कोरकूत मात्र तो आहे, आणि मराठीहून एक पाऊल पुढे आहे. कोरकूत एकवचन आणि अनेकवचन यांच्या जोडीला द्विवचनही आहे. त्यामुळे ‘मी आणि तू असे दोघे’, ‘मी आणि तो असे दोघे’, ‘तुझ्यासह आपण सारे’ आणि ‘तुला वगळून आम्ही सारे’ या चार अर्थांसाठी तेथे चार निरनिराळी सर्वनामे आहेत. मेळघाटातील अक्षरओळख नसलेली आजीही हे चारही शब्द न चुकता वापरते. मग या बाबतीत अपुरी भाषा कोणती म्हणावी?

याचा अर्थ सर्व भाषा सर्व बाबतींत सारख्या आहेत असा नाही. ज्या समाजाला ज्याची गरज, त्याचा शब्दसंग्रह त्याच्या भाषेत विपुल असतो. अरण्यात राहणाऱ्यांच्या भाषेत झाडांची, कंदांची, पक्ष्यांची नावे भरपूर सापडतील आणि न्यायालयीन शब्द कमी सापडतील. परंतु शब्द उसने घेता येतात, नवे घडविता येतात. मराठीनेही फारसी, पोर्तुगीज, इंग्रजी शब्द असेच घेतले. व्याकरणाची शक्ती मात्र प्रत्येक भाषेत मुळातच असते.

निहाली : कोणाशीही नाते नसलेली भाषा

याच विदर्भात, बुलडाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी निहाली ही भाषा बोलली जाते. जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा अशा मोजक्या गावांत तिचे भाषक राहतात. त्यांची संख्या दोन-अडीच हजारांच्या आसपास सांगितली जाते. परंतु भाषाशास्त्राच्या दृष्टीने या भाषेचे स्थान अनन्यसाधारण आहे. निहाली ही एकाकी भाषा आहे. जगातील कोणत्याही ज्ञात भाषाकुलाशी तिचे नाते अद्याप सिद्ध झालेले नाही.

निहालीतील पुष्कळ शब्द शेजारच्या कोरकूतून आलेले आहेत, मराठी आणि हिंदीतूनही पुष्कळ आले आहेत. दोन, तीन, चार या संख्यांचे शब्द द्रविड वळणाचे आहेत. परंतु हे सारे उसने शब्द बाजूला काढले की खाली एक गाभा उरतो, ज्याचे मूळ कोठेच सापडत नाही. या प्रदेशात आज बोलल्या जाणाऱ्या मोठ्या भाषा येथे पोहोचण्यापूर्वी जे लोक येथे राहत होते त्यांच्या भाषेचा हा अवशेष असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते.

निहालीची कथा आपल्या विषयाला फार जवळची आहे. डच अभ्यासक कायपर यांनी १९६२ साली तिच्यावर तौलनिक ग्रंथ लिहिला. ही भाषा कदाचित इतरांना कळू नये म्हणून वापरली जाणारी सांकेतिक गुप्तबोली असावी, अशी शंकाही त्यांनी मांडली. निहाल लोकांना जुन्या काळी लूटमार करणारे म्हणून ठरविले गेले होते. त्या शिक्क्याची सावली त्यांच्या भाषेवरही पडली. पुढे आशा मुंडले यांनी निहालीचा शब्दसंग्रह सिद्ध केला. के. एस. नागराज आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे शैलेंद्र मोहन यांनी तिचे व्याकरणिक वर्णन केले. या अभ्यासांतून दिसते ते असे की, निहाली ही घरात मुलांशी बोलली जाणारी, स्वतःची रचना असलेली भाषा आहे. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांची नावे जनगणनेच्या प्रकाशित तक्त्यात स्वतंत्रपणे येत नाहीत. त्यामुळे निहाली सरकारी कोष्टकात दिसत नाही. कोष्टकात नाही म्हणून ती नाही, असे मात्र कोणी म्हणू शकणार नाही.

भाषा आणि लिपी

‘त्यांना भाषाच नाही’ असे म्हणणाऱ्यांच्या मनात पुष्कळदा ‘त्यांना लिपी नाही’ एवढेच असते. या दोन गोष्टींतील अंतर स्पष्ट केले पाहिजे. बोलणे ही मानवजातीची सार्वत्रिक गोष्ट आहे, लिहिणे ही नाही. लेखनाचा सर्वांत जुना पुरावा सुमारे पाच हजार वर्षांचा आहे, आणि माणूस त्याच्या कितीतरी आधीपासून बोलत आहे. मूल बोलणे आपोआप शिकते. लिहिणे मात्र कोणीतरी शिकवावे लागते.

लिपीशिवाय किती मोठे वाङ्मय टिकू शकते, याचा दाखला नागपुरातच आहे. ज्यांच्या नावाने शहरातील हिस्लॉप महाविद्यालय ओळखले जाते ते स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपूरला आले. धर्मप्रसाराच्या कामासोबत त्यांनी गोंड समाजाची भाषा आणि परंपरा यांची नोंद केली. गोंडांचा वंशेतिहास आणि त्यांचा संस्कृतिपुरुष लिंगो यांची शेकडो ओळींची गाथा परधान परंपरेत मुखोद्गत होती. ती त्यांनी मूळ गोंडीत उतरवून घेतली. १८६३ साली हिस्लॉप बुडून मरण पावले. त्यांचे हे टिपण रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केले. पिढ्यान्‌पिढ्या कागदाचा आधार न घेता हे काव्य जिवंत राहिले होते. गोंडीसाठी लिप्याही घडल्या. १९१८ साली मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी घडविलेली लिपी आणि तेलंगणातील गुंजाळा येथील हस्तलिखितांत सापडलेली लिपी या दोन्हींना आता संगणकाच्या युनिकोड प्रणालीत स्थान मिळाले आहे.

आपल्याला तर याहून जवळचा दाखला आहे. भगवान बुद्धांनी स्वतः काहीही लिहिले नाही. त्यांचा उपदेश भिक्षूंनी ऐकला, पाठ केला आणि सामूहिक पठणाने शुद्ध ठेवला. कोणी दीघनिकाय कंठस्थ करणारे, कोणी मज्झिमनिकाय. त्यांना ‘भाणक’ म्हणत. ही मौखिक परंपरा सुमारे चार शतके चालली. परंपरेनुसार श्रीलंकेत राजा वट्टगामणी अभय याच्या काळी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, तिपिटक प्रथम लेखनबद्ध झाले. नागपूरपासून फार दूर नसलेल्या पवनी येथे १९६९-७० च्या उत्खननात जे स्तूप उजेडात आले, त्यांच्या दगडांवर दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आढळली. म्हणजे लेखन ठाऊक होते, दानाची नोंद दगडावर होत होती, तरीही धम्माचे मुख्य वाहन वाणी हेच होते. लिपी नसणे ही भाषेची उणीव मानली, तर आपल्याला आपल्याच परंपरेची पहिली चार शतके उणी मानावी लागतील.

बादशहाचा प्रयोग आणि मुलांची किमया

भाषा प्रत्येक समाजात असते हे मान्य केले तरी ती का असते, हा प्रश्न उरतोच. ती जन्मतः रक्तातून येते, की केवळ शिकवण्याने येते? याचे उत्तर शोधण्याचा एक कठोर प्रयोग आपल्या देशात झाला. अकबर बादशहाने काही तान्ह्या बालकांना सर्वांपासून दूर, एका वेगळ्या वास्तूत ठेविले. त्यांच्यासमोर कोणीही एक शब्द बोलू नये, अशी ताकीद तेथील दायांना होती. अकबरनाम्यातील नोंदीप्रमाणे १५८२ साली बादशहा तेथे गेला तेव्हा मुलांच्या तोंडून एकही शब्द निघाला नाही. लोक त्या वास्तूला ‘गूंग महल’ म्हणत. प्रयोग निष्ठुर होता आणि आज कोणताही सुसंस्कृत माणूस तो करणार नाही. परंतु त्यातून एक गोष्ट दिसली: एकट्या मुलाच्या पोटातून तयार भाषा बाहेर पडत नाही. तिला माणसांची संगत लागते.

या निष्कर्षाची दुसरी बाजू चारशे वर्षांनी मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात दिसली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढील काही वर्षांत राजधानी मनाग्वा येथे कर्णबधिर मुलांसाठी शाळा सुरू झाल्या. तोवर ही मुले आपापल्या घरी एकाकी होती. प्रत्येकाजवळ घरच्यांशी केलेल्या थोड्याशा खुणा, एवढेच भांडवल होते. शाळेत शिक्षक त्यांना ओठांच्या हालचालींवरून स्पॅनिश शिकवू पाहत होते. ते फारसे साधले नाही. परंतु खेळाच्या मैदानावर आणि शाळेच्या बसमध्ये मुलांनी आपापल्या खुणा एकत्र केल्या. मागाहून आलेल्या लहान मुलांनी त्या उचलल्या आणि त्यांना नियमबद्ध केले. थोड्याच वर्षांत तेथे स्वतःचे व्याकरण असलेली एक नवी भाषा उभी राहिली. ती कोणा पंडिताने रचली नव्हती.

हे दोन दाखले एकत्र ठेवले की उत्तर हाती येते. एकाकी मुलाला भाषा येत नाही, पण मुलांचा समुदाय एकत्र आला, तर पुढे आदर्श नसतानाही तो भाषा निर्माण करतो. भाषेची क्षमता प्रत्येक बालकात असते आणि ती फुलते समाजात. म्हणूनच समाज आहे आणि भाषा नाही, असे होत नाही.

बोलणे केवळ तोंडाने होते काय?

येथे मूळ प्रश्नात एक दुरुस्ती करावी लागते. सार्वत्रिक आहे ती भाषा. तिला आवाजच लागतो असे नाही. ऐकू येणाऱ्यांच्या प्रत्येक समाजात ती मुखाने बोलली जाते हे खरे. परंतु कान साथ देत नसतील, तेव्हा तीच भाषाशक्ती हातांतून, चेहऱ्यातून आणि डोळ्यांतून प्रकट होते.

सांकेतिक भाषा म्हणजे हातवाऱ्यांचा मूक अभिनय, ही समजूत दूर करण्यास विसावे शतक उजाडावे लागले. १८८० साली इटलीतील मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेने कर्णबधिरांच्या शाळांतून खुणांची भाषा हद्दपार करण्याचा ठराव केला. त्याचे परिणाम कित्येक पिढ्यांनी भोगले. १९६० साली विल्यम स्टोकी या अमेरिकन प्राध्यापकाने सिद्ध केले की, या भाषेतील प्रत्येक खूण हाताचा आकार, त्याचे स्थान आणि त्याची हालचाल अशा घटकांनी बनलेली असते, जसा मुखोच्चारित शब्द ध्वनींनी बनतो.

आपल्या देशाची भारतीय सांकेतिक भाषा अशीच स्वतंत्र आहे. ती हिंदीचे किंवा मराठीचे हातांनी केलेले भाषांतर नाही. तिच्यात प्रश्नवाचक खूण सहसा वाक्याच्या शेवटी येते, आणि हो-नाहीचा प्रश्न भुवया उंचावून केला जातो. कर्नाटकातील अलीपूर या गावी कर्णबधिरांचे प्रमाण अधिक असल्यामुळे गावाची स्वतःची वेगळी सांकेतिक भाषा निर्माण झाली, आणि ऐकू येणारे अनेक गावकरीही ती जाणतात. अशा गावात बहिरा माणूस मुका राहत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे पन्नास लाख नोंदली गेली. २०१५ साली नवी दिल्ली येथे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. २०१८ साली त्याने तीन हजार शब्दांचा पहिला कोश प्रसिद्ध केला. पुढे तो दहा हजारांपर्यंत वाढला. २०२१ पासून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने माध्यमिक स्तरावर सांकेतिक भाषा हा विषय म्हणून सुरू केला आहे.

याचे महत्त्व पालकांनी जाणले पाहिजे. कर्णबधिर बालकाला पहिल्या काही वर्षांत कोणतीही भाषा मिळाली नाही, तर त्याची स्थिती नकळत गूंग महालातील मुलांसारखी होते, आणि ती त्याच्या स्वतःच्या घरात, प्रेमळ माणसांच्या गराड्यात होते. भाषा ग्रहण करण्याची शक्ती बालपणी प्रखर असते, पुढे ती मंदावते. म्हणून श्रवणयंत्राचा आणि वाचा-उपचारांचा मार्ग अवश्य चोखाळावा. मात्र खुणांची भाषा शिकविल्याने मूल आळशी होईल, बोलणार नाही, या भीतीने त्याला हाती असलेल्या भाषेपासून दूर ठेवू नये.

मौनाविषयी भगवंतांचे मत

न बोलता राहणे ही साधना आहे, असे मानणारे पंथ बुद्धकाळी होते आणि आजही आहेत. विनयपिटकाच्या महावग्गात या संदर्भात एक प्रसंग येतो. कोसल देशात काही भिक्षूंनी वर्षावास करताना ठरविले की, भांडणतंटा नको म्हणून आपण एकमेकांशी बोलायचेच नाही. पाण्याचा जड घडा उचलायचा असेल तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलवायचे, पण शब्द काढायचा नाही. तीन महिने असे शांततेत घालवून ते भगवंतांच्या दर्शनाला गेले आणि आम्ही सुखाने राहिलो असे त्यांनी सांगितले. भगवंतांनी त्यांची प्रशंसा केली नाही. हे तर जनावरांच्या कळपासारखे राहणे झाले, असा ठपका त्यांनी ठेविला, आणि मूकव्रतास मनाई केली. त्याऐवजी त्यांनी ‘पवारणा’ हा विधी घालून दिला. वर्षावासाच्या शेवटी प्रत्येक भिक्षूने संघापुढे उकिडवे बसावे आणि माझ्या हातून काही दोष घडल्याचे आपण पाहिले, ऐकले किंवा आपल्याला तशी शंका आली असेल, तर मला सांगावे, अशी विनंती करावी, असा तो विधी आहे.

या प्रसंगात भाषेविषयीचा एक गंभीर विचार आहे. खुणांनी घडा उचलता येतो, पण ‘माझी चूक दाखवा’ असे म्हणण्यासाठी आणि ती दाखवून घेण्यासाठी पूर्ण भाषा लागते. न बोलता माणसे एकत्र राहू शकतात, संघ मात्र उभा राहत नाही. व्यर्थ बडबड टाळणारे आर्य मौन वेगळे, आणि एकमेकांपासून तुटून राहणे वेगळे.

आपल्या वाणीचा मान

विनयपिटकातच, चुल्लवग्गात, दुसरा प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेले दोघे भाऊ भिक्षू झाले होते. निरनिराळ्या कुळांतील, निरनिराळ्या प्रदेशांतील भिक्षू बुद्धवचन आपापल्या बोलण्याने बिघडवितात, म्हणून ते छंदात, म्हणजे वैदिक वळणाच्या संस्कृतात घालावे, असे त्यांनी सुचविले. भगवंतांनी ही सूचना स्पष्ट शब्दांत नाकारली आणि ‘सकाय निरुत्तिया’, स्वतःच्या भाषेत धम्म शिकण्यास अनुज्ञा दिली. ‘स्वतःच्या’ म्हणजे बुद्धांच्या स्वतःच्या मागधीत, असा अर्थ आचार्य बुद्धघोष करतात. तर प्रत्येकाने आपापल्या बोलीत, असा अर्थ अनेक आधुनिक अभ्यासक लावतात. अर्थ कोणताही घेतला, तरी एक गोष्ट निर्विवाद आहे: मूठभरांच्या मक्तेदारीतील भाषेत धम्म कोंडण्यास भगवंतांनी नकार दिला.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हीच दृष्टी ठेविली. पाली शब्दकोश आणि व्याकरण यांसाठी त्यांनी अपार परिश्रम घेतले. त्यांचे ते कार्य शासनाच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध झाले आहे. तरी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच नागपुरात लाखोंच्या समुदायाला बावीस प्रतिज्ञा देताना त्यांनी जनतेची मराठी वापरली. त्या समुदायात असंख्य निरक्षर स्त्री-पुरुष होते. वाचण्याची गरज त्यांना पडली नाही. त्यांनी ऐकले, उच्चारले आणि त्यांचे जीवन बदलले.

आज आपल्या प्रदेशातील निवासी शाळांत गोंडी, कोरकू, कोलामी, गोरमाटी घरांतील मुले मराठी मुलांसोबत राहतात. पहिल्या दिवशी ते मूल वर्गात गप्प बसते आणि आपण त्याला ‘बुजरा’, ‘मंद’ असे लेबल लावून मोकळे होतो. त्या मुलाजवळ भाषा नसते असे नाही. आपल्याजवळ त्याची भाषा नसते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० क ने भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याच्या सोयी करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शासन करील तेव्हा करील, परंतु काही गोष्टी आपल्या हातातील आहेत.

शिक्षकाने अशा मुलांच्या भाषेतील पंचवीस-तीस शब्द शिकावेत: पाणी, भूक, दुखते, घर, ये, बस, शाबास. वसतिगृहात आपल्या भाषेत बोलल्याबद्दल कोणत्याही मुलाला हसू नये व शिक्षा करू नये. स्नेहसंमेलनात एक गाणे गोंडीत, एक कोरकूत म्हटले जावे. पालकांनी, ‘मूल मराठी-इंग्रजीत मागे पडेल’ या भीतीने घरात आपली भाषा बंद करू नये, कारण बालकाचे मन दोन-तीन भाषा सहज पेलते, आणि पहिली भाषा पक्की असली की दुसरी तिच्या आधाराने उभी राहते. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या घरी आजी-आजोबा अशी भाषा बोलतात, त्यांनी त्यांच्या कथा, म्हणी, झाडापाल्याची नावे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावीत. हिस्लॉप यांच्यापाशी केवळ कान, बोरू आणि कागद होता. आपल्यापाशी तर यंत्र आहे, आणि त्यांच्यापाशी नव्हते ते नातेही आहे.

भाषा ही सर्व मानवांना सारख्या वाट्याने मिळालेली संपत्ती आहे. तीत जात नाही, कुळाची उंची नाही, श्रीमंती नाही. जळगाव जामोदच्या पायथ्याशी निहाली बोलणारी बाई, खुणांनी आपले म्हणणे मांडणारा कर्णबधिर मुलगा आणि विद्यापीठात पालीवर व्याख्यान देणारा प्राध्यापक हे सारे एकाच शक्तीचे वारसदार आहेत. ज्याला आपण न बोलणारा समजतो, त्याचे बोलणे ऐकण्याची तयारी आपण केली आहे काय, एवढेच प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

भवतु सब्ब मंगलं.